चंपाआत्या आणि अकराची हजेरी

चंपाआत्याने आयुष्यात दोनदा माफीच्या कागदावर सही करायला नकार दिला, असं आमच्या चाळीत अजूनही छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. नकार तिने एकदाच दिला. दुसऱ्या वेळी ती सही करायला उठली होती, पेन तिच्या हातात होतं, आणि तो कागद माझ्या अक्षरात होता. तेव्हा ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

मी कालिंदी. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत जन्मले आणि तिथल्याच म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं मुलांची हजेरी घेतली. चंपाआत्या आमच्याच मजल्यावर राहायची. करी रोडच्या एका मिलमध्ये, वाइंडिंग खात्यात ती होती. कायम होण्याआधी नऊ वर्षं तिने बदलीवर काढली. गिरणगावात वाढलेल्याला बदली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. कायम कामगार एखाद्या दिवशी आला नाही की त्याच्या जागेवर जो उभा राहतो तो बदली. सकाळी भोंग्याच्या आधी कार्ड घेऊन गेटवर थांबायचं, आत घेतलं तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. मशीन बंद पडत नाही, आणि ज्याची जागा आहे ती त्याचीच राहते. तो दुसऱ्या दिवशी आला की बदली मुकाट्याने बाजूला होतो. आमच्या बापजाद्यांनी याच्यात कधी चोरी पाहिली नाही. उलट ज्याला वेळेला बदली मिळत नाही तो माणूस कसा असेल, असं म्हणायचे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. वर्ष उलटलं, लोक गावी गेले, भांडी विकली, आणि मग मिलचा एक दरवाजा उघडला. आत जायचं तर एका छापील कागदावर सही करायची: मी चुकलो, माझी दिशाभूल झाली, पुन्हा असं करणार नाही. आत्याचा नवरा दत्ताराम त्याच मिलच्या सायझिंग खात्यात. त्याने सही केली. पोरं दोन, उपाशी किती ठेवणार? आत्याने तो कागद वाचून घेतला, टेबलावर ठेवला आणि मुकादमाला म्हणाली, "चुकले असते तर तुम्ही मागायच्या आधी सांगितलं असतं." आणि घरी आली. चौदा महिन्यांनी ती मिल सगळ्यांसाठीच बंद झाली. त्यानंतर आत्या दत्तारामला वर्षानुवर्षं चिडवायची, "तुमची सहीपण गेली नि नोकरीपण गेली. माझी नुसती नोकरी गेली." तो बिचारा हसायचा. पण ते हसणं मला कधी बघवलं नाही, कारण त्या चौदा महिन्यांचा पगार त्याच घरात आला होता आणि आत्यानेही तोच खाल्ला होता. हे तिलाही कळत होतं. तोंडाने कबूल करणाऱ्यातली ती नव्हती.

पुढे ती लोअर परळच्या गाळ्यांतून शर्ट आणून घरी बसून धागे कापायची. एका मिलभर सूत गुंडाळणारी बाई लोकांच्या शर्टाच्या शेपट्या छाटत बसली. पण मान कधी खाली नाही. गाळ्याचा मालक "ए बाई" म्हणाला तर ती बंडल तिथेच ठेवून घरी यायची, आणि तो माणूस पाठवून "चंपाबाई" म्हणायचा तेव्हाच परत जायची.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आत्याचं माहेर तिकडचं. तिच्या माहेरच्या वस्तीत लोकांनी पेढे वाटले, वेशीवर फलक लावला. तिसऱ्या दिवशी वस्ती पेटवली. अकरा घरं जळाली. गावाने निरोप दिला, पेढे वाटल्याची चावडीवर माफी मागा, फलक आपल्या हातांनी उतरवा आणि सुखाने नांदा. वस्तीने फलक उतरवला नाही. त्रेपन्न माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि मुंबईत ज्या एका बाईचा पत्ता सगळ्यांना पाठ होता तिच्या दारात येऊन उभी राहिली. गावची लेक म्हणजे अख्ख्या वस्तीची आत्या. लहान पोरं आत्या म्हणायची, दाढी पिकलेली माणसंही आत्या म्हणायची. ते ऐकून ऐकून ती सगळ्या चाळीचीच आत्या झाली.

चाळीच्या सभागृहात त्यांची सोय केली. पहिले पंधरा दिवस प्रत्येक खोलीतून दोन माणसांचं जेवण आलं. पण आमच्या घरांतली चूल तरी कुठे धड पेटत होती? तेवढ्यात कुणीतरी एका परदेशी संस्थेपर्यंत बातमी पोहोचवली. त्यांच्या गाडीवर निळा रंग होता, म्हणून आमच्या लोकांना ती आधी आपलीच वाटली. संस्थेचा इथला माणूस रघुवीर, दादरचा, शुद्ध बोलणारा, सदा घाईत. त्याने सगळं समजावून सांगितलं. आपल्याच देशात भांडणामुळे घर सोडावं लागलेल्या माणसांना जगभर मदत करते ही संस्था. तांदूळ, डाळ, तेल, साबण दर आठवड्याला माणशी मिळेल. आणि अखेरच्या यादीत ज्यांची नावं राहतील त्यांना गावी घर पुन्हा उभं करायला पत्रे आणि वासे मिळतील.

"यादीत नाव राहायला काय करायचं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. रोज सकाळी अकराला हजेरी. तीन दिवस सलग गैरहजर राहिलं की नाव कमी. माणूस छावणीत राहत नाही म्हणजे त्याला गरज नाही, असा नियम आहे."

हजेरी घ्यायला कोण? तर मास्तरीण. माझी शाळा दुपारची, त्यामुळे रजिस्टर माझ्याकडे आलं.

आता मला सांगा, सकाळी अकरा ही काय वेळ झाली? धडधाकट माणूस अकरा वाजता कामावर असतो. ती माणसं राबणारी होती, आठ दिवसांत सगळी कामाला लागली. कुणी नाक्यावर, कुणी बांधकामावर, आणि कौसल्या, चंपाआत्याच्या ओळखीने, गाळ्यात धागे कापायला. कौसल्या तिशीची होती, दोन लेकरं पदरात, आणि नवऱ्याचा हात आगीत भाजलेला, तो परळच्या हॉस्पिटलात. ती कामाला गेली नाही तर त्याची औषधं कुठून येणार? आणि गेली तर नाव कापलं जाणार, पत्रे जाणार.

पहिल्याच दिवशी मी नाव घेतलं, "कौसल्या."

"हजर," मागून आत्या बोलली.

"आत्या, तू कुठे कौसल्या?"

"ती कामावर गेलीय. मी तिची बदली."

मी हसले आणि टिक केली. खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आजूबाजूला उभ्या असलेल्या एकालाही वाटलं नाही. सगळी मिलवाल्यांची औलाद. दोन दिवसांत बातमी मजल्यामजल्यावर गेली आणि रिकामपणी कट्ट्यावर बसणारे सगळे जुने कामगार कामाला लागले. दहाव्या दिवशी हजेरीला एकोणीस बदली होते. आणि ते नुसते येऊन उभे राहत नव्हते. आत्याची शिस्त कडक होती. ज्याच्या जागी उभं राहायचं तो आज कुठे आहे, किती वाजता येणार, त्याची पोरं कुणाकडे आहेत, हे माहीत नसेल तर ती त्याला रांगेतून हाकलायची. म्हणायची, "बदलीला आपल्या माणसाची खबर नाय, मग तो कसला बदली?" लोक दहा-बारा वर्षांनी कामावर हजर होत होते. धोंडू जॉबर, एकेकाळचा मिलमधला मुकादम, तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून यायचा.

घोळ झाला तो धोंडूमुळेच. एका मंगळवारी रघुवीर न सांगता आला आणि रजिस्टर स्वतःच्या हातात घेतलं. नाव पुकारलं, "शांती. वय बावीस. सोबत अंगावरचं मूल."

"हजर!" साठीचा धोंडू, मिशा पिळत, दोन पावलं पुढे आला. त्याच्या कडेवर ते मूलही होतं.

आम्ही सगळे हसलो. रघुवीर हसला नाही.  त्याने एकेक नाव घेतलं, एकेकाचा चेहरा निरखला, आणि मग रजिस्टर मिटून मला बाजूला नेलं.

"बाई, हे काय केलंत? याला बोगस लाभार्थी म्हणतात. परवा बाहेरून मॅडम येतायत पाहणीला. त्यांना हे कळणारच, मी लपवू शकत नाही. एकोणीस नावं तर जातीलच, पण अख्खी छावणी बंद होईल."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानेच वाट काढली. सगळा दोष एकीवर घ्यायचा. चंपाबाईंनी लिहून द्यायचं की अज्ञानामुळे त्यांनी खोटी माणसं उभी केली, रजिस्टर ठेवणाऱ्या बाईंची फसवणूक केली, आणि त्याबद्दल त्या क्षमा मागतात. मग यादी वाचेल. "तुमची नोकरीही वाचेल," तो मला म्हणाला, आणि मसुदा मलाच लिहायला सांगितला.

मी लिहिला. 'फसवणूक' हा शब्दही लिहिला. माझ्या टिका मी डोळे उघडे ठेवून केल्या होत्या, आणि कागदावर मी बिचारी फसलेली मास्तरीण झाले. माझी मलाच लाज वाटली. पण म्युनिसिपालिटीची नोकरी, घरात म्हातारी आई. माझंही पोट होतंच.

संध्याकाळी आत्याच्या खोलीत जाऊन तो वाचून दाखवला. ती कात्रीने धागे कापत होती. वाचून संपेपर्यंत कात्री थांबली नाही.

"अज्ञान काय म्हणून?" ती म्हणाली. "मला सगळं ठाऊक होतं. तुला नव्हतं?"

मी कागदाची घडी घातली.

"आणि फसवणूक कुणाची गं? तुझी?"

 मग कोपऱ्यातून दत्ताराम बोलला. तो तेव्हा एका इमारतीवर वॉचमन होता, पाळीवर निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "चंपे, त्या टायमाला तुझी भाकरी होती. तू लाथ मारलीस, तुझा हक्क होता. ह्या टायमाला भाकरी दुसऱ्यांची हाय. दुसऱ्याच्या ताटाला लाथ मारायची नसते."

अकरा वर्षांत त्याने तिला उलट उत्तर दिलं ते एवढंच. तिने कात्री खाली ठेवली. मग मला म्हणाली, "ठेव तो कागद. करते सही." तिचा आवाज इतका बारीक मी आधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं होतं ती चिडेल, मला चार शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परवाचा दिवस उजाडला. अकरा वाजता सभागृहात मॅडम आल्या. उंच, पन्नाशीच्या, पायात साध्या चपला. रघुवीरने टेबल मांडलं, त्यावर कागद आणि पेन. मी नावं घ्यायला रजिस्टर उघडलं आणि वर पाहिलं, तर त्रेपन्नच्या त्रेपन्न माणसं हजर. त्या दिवशी कुणी कामाला गेलंच नव्हतं. सगळ्यांनी खाडा केला होता. कौसल्याचा नवराही हाताला पट्टी बांधून भिंतीला टेकून बसला होता. आणि त्यांच्या पाठीमागे एकोणीस बदली रिकाम्या हातांनी उभे.

रघुवीरने इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि मग मराठीत म्हणाला, "चंपाबाई, या."

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं.  तिने पेन उचललं, टोपण काढलं. मी खाली रजिस्टरमध्ये बघत राहिले, माझ्यात वर बघायची हिंमत नव्हती.

"आत्या, थांबा."

कौसल्या पुढे आली होती. तिने आत्याचं मनगट धरलं, पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"तुमी बसा. आज तुमची रजा. आज मी तुमची बदली."

"कौसल्ये, गप बस. पत्रे जातील तुमचे," आत्या म्हणाली.

"बदली उभी ऱ्हायली की ज्याची जागा त्यानं मधी बोलायचं नसतं. तुमीच शिकवलं." मग ती रघुवीरकडे वळली. "साहेब, गावानं आमाला काय सांगितलं व्हतं ठावं हाय का? माफी मागा, घर घ्या. येवढंच. मागितली असती तर आमी इथं कशाला आलो असतो? ह्यांचा हात जळाला, माझं दार जळालं, तवा न्हाई मागितली. आता पत्र्यासाठी मागू? आन् तीबी आत्याच्या तोंडून?"

"म्हणजे तुम्हाला पत्रे नकोत?" रघुवीरने विचारलं.

"नको कोण म्हणलं? पत्रे पायजेत. तांदूळबी पायजेत. माफी तेवढी भेटायची न्हाई."

मॅडमनी रघुवीरकडे पाहिलं. तो इंग्रजीत म्हणाला की बाई भावनावश झाल्या आहेत, अशिक्षित आहेत, एक गैरसमज झाला आहे. माझ्या कानावर ते पडलं आणि माझं डोकंच फिरलं. वर्गातल्या पोरांसमोर डस्टर आपटावा तसं मी रजिस्टर टेबलावर आपटलं. आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की गैरसमज बिलकुल झालेला नाही. या टिका माझ्या आहेत. मला प्रत्येक वेळी माहीत होतं समोर कोण उभं आहे. मला कुणी फसवलेलं नाही, आणि हा कागद मी लिहिला ते खोटं लिहिलं. मग कौसल्या जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. हात, दार, पत्रे, सगळं. सांगताना आतून मला इतकं मोकळं वाटत होतं की काय सांगू.

मॅडम ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, बदली म्हणजे काय?

ते मी आत्याला सांगू दिलं. मी फक्त इंग्रजी केलं. आत्या आता पुन्हा आपल्या आवाजात आली होती. म्हणाली, "मॅडमला सांग, तुमचा नियम म्हणतो भुकेलं माणूस बसलेलं दिसलं पाहिजे. आमची माणसं बसत नाहीत. ती कामाला गेली म्हणून त्यांची घरं काय पुन्हा उभी राहिली? माणूस कामावर गेला तर त्याची जागा राखायची, एवढंच आम्हाला येतं. मिलमध्ये तेच केलं, इथं तेच केलं. हवं तर विचारा."

मॅडमनी खरंच विचारलं. रजिस्टर उघडून बोट ठेवलं, शांती. धोंडू पुढे झाला. सोमवारी शांती करी रोडला बांधकामावर, मंगळवारी तिथेच, बुधवारी मुकादमाने कामावर घेतलं नाही म्हणून दुपारी परत. मुलाला जुलाब, दवाखान्यात धोंडूनेच नेलं, औषधाची बाटली अजून त्याच्या खिशात. बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली. मॅडमनी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. सगळे बदली एका दमात सांगत गेले. नवव्या नावाला त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माफीचा कागद घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी साडेसहाला त्या परत आल्या, स्वतः माणसं मोजली, आणि काही न बोलता गेल्या.

आता लगेच सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. माझ्याकडून रजिस्टर काढून घेतलं. मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी दिला, आणि त्यात 'फसवणूक' हा शब्द कुठेच नव्हता. यादीचा निकाल तीन आठवडे आला नाही, त्या तीन आठवड्यांत तांदूळही आला नाही, आणि चाळीने पुन्हा खोलीमागे दोन ताटं वाढली. दत्ताराम वॉचमनच्या पाळीवरून येताना रोज दोन पाव जास्त आणायचा. आत्याने त्याला त्या दिवसापासून सहीवरून चिडवणं सोडलं. कायमचं. शेवटी यादीतलं एकही नाव कमी झालं नाही, आणि मेपर्यंत नऊ घरांना पत्रे मिळाले. दोन कुटुंबं गावी गेलीच नाहीत, इथेच राहिली. कौसल्या गेली. वेशीवर तो फलक अजून आहे, असं तिने कुणाकडून तरी पत्रात लिहवून पाठवलं होतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती त्या तीन आठवड्यांनंतरची पहिली हजेरी. वेळ बदलून संध्याकाळी साडेसहाची केली होती. रघुवीर हजर होता आणि रजिस्टरवर एक नवा कारकून होता, कडक इस्त्रीचा. मी मागे उभी राहून बघत होते.

"कौसल्या," त्याने नाव घेतलं.

 गाळ्यात त्या दिवशी ओव्हरटाइम होता.

"कौसल्या?"

"हजर," आत्या म्हणाली, आणि मांडीवरचे धागे झटकून उभी राहिली.

कारकुनाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही कौसल्या?"

"नाय. ती ओव्हरटाइमला हाय, साडेआठला येल. पोरं माझ्या खोलीत जेवतात. मी तिची बदली. लिही."

कारकुनाने पेन उचलून धरलं आणि रघुवीरकडे पाहिलं. सभागृहात सगळेच रघुवीरकडे बघत होते.  मग त्याने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, माझ्याकडे हात करून फूटपट्टी मागितली, आणि नावांच्या पुढे एक नवा रकाना आखला.